आईला झटका नेमका संकष्टीलाच का यायचा? – इन्सुलिनोमा आणि इतर हार्मोनच्या गाठींचा धागा

माणदेशी_पोर (धागाकर्ता)

मागच्या आठवड्यात इथे एका ताईंनी सासूबाईंच्या ‘पहाटेच्या भ्रमा’बद्दल विचारलं होतं. तेव्हाच ठरवलं, आईच्या इन्सुलिनोमाचं, म्हणजे स्वादुपिंडातल्या जादा इन्सुलिन सोडणाऱ्या गाठीचं, एकदा लिहून काढायचं. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव विट्याजवळ. मी पुण्यात नोकरीला, आईवडील गावी. आई तेव्हा ५८ वर्षांची. सुरुवात एका श्रावणात झाली. सोमवारचा उपास, पहाटे पाचला उठून अंगणात सडा टाकत होती. वडील दारात आले तर बादली रिकामी, पण आईचा हात पाणी मारल्यासारखा हलतोच आहे. हाक मारली तर ओ नाही. वडिलांकडे बघून म्हणाली, “तुम्ही कुणाकडं आलाय?” वडिलांनी ओढून चुलीपाशी बसवलं, चहा पाजला. दहा-पंधरा मिनिटांत आई पहिल्यासारखी, आणि मधलं काहीच आठवत नाही.

मग असं महिन्यातून एकदा, पुढे आठवड्यातून एकदा. संकष्टीला तर हमखास, चंद्रोदयाच्या आधी तासभर. दरदरून घाम, डोळे तारवटलेले, काहीतरी भलतंच बोलणं. ‘उपासाच्या दिवशी येतं आणि नैवेद्य खाल्ला की जातं’ म्हटल्यावर भावकीने निष्कर्ष काढायला वेळ लावला नाही. वहिनी, हे अंगात येणं आहे, देवीचं काहीतरी राहिलंय. दोन वाऱ्या झाल्या, एक ओटी झाली. मी स्वतः गाडी चालवत घेऊन गेलोय, उगाच भावकीला नावं ठेवत नाही.

डॉक्टरांकडेही गेलो. मेंदूचा सीटी नॉर्मल. ईईजीमध्ये ‘किंचित बदल’. फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, मग डोस वाढला, मग दुसरी गोळी. एका ठिकाणी ‘मुलगा लांब असतो म्हणून मनावर परिणाम’ असंही ऐकून आलो. या सगळ्यात दोन वर्षं गेली. आईचं वजन ११ किलोंनी वाढलं. उशाखाली राजगिऱ्याचे लाडू ठेवायला लागली होती. आम्ही चेष्टा करायचो. तिला कुणी शिकवलं नव्हतं, शरीरच सांगत होतं.

आता फाईल चाळताना अजून एक सापडलं. गावातल्या आरोग्य शिबिरातली उपाशीपोटी साखर ५८, पुढे छापलेला ‘कमी’चा बाण. शिबिरातला माणूस म्हणाला होता, “छान, डायबेटिस नाही.” आम्हीही खूश.

सुटका केली ती शेजारच्या काकांनी. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, स्वतः मधुमेही. एका संकष्टीला आईला झटका आला तेव्हा ते ओसरीवर होते. आपल्या घरून ग्लुकोमीटर घेऊन आले. बोटाला टोचलं. ३८. काका म्हणाले, “मशीन बिघडलंय का बघू,” आणि स्वतःचं बोट टोचलं. १६४. मशीन ठीक होतं. “वहिनींची साखर संपलीया. साखर आणा!” तिकीट फाडल्यासारखं एका वाक्यात त्यांनी निदान फाडून हातात दिलं. दोन वर्षांत चार डॉक्टर झाले होते, पण झटका चालू असताना साखर कुणीच मोजली नव्हती.

पुढचं तपासणी-ऑपरेशनचं प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

गवतीचहा

वाचतेय. बादलीचं वाचून काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

खडूस_काका

चांगलं लिहिलंय, पण आता इथले सगळे उद्यापासून बोटं टोचत बसणार. अकरा वाजता भूक लागून हातपाय थरथरले की ‘मला गाठ’. फार दुर्मिळ प्रकार आहे हा, ते तरी ठळक लिहा.

ग्रंथीपाल

(नावातला श्लेष मुद्दाम आहे. अंतःस्रावी ग्रंथींचा डॉक्टर. नेटवर कुणाला औषध सांगत नाही, आधीच सांगून ठेवतो.)

खडूसकाकांचं बरोबर आहे. इन्सुलिनोमा वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना होतो. नुसतं थरथरणं म्हणजे साखर कमी नव्हे. त्यासाठी व्हिपलची त्रयी बघायची: साखर कमी झाल्याची लक्षणं दिसतात, त्याच वेळी रक्तात साखर खरोखर कमी भरते, आणि साखर दिली की लक्षणं जातात. तिन्ही एकदम हवीत. अॅलन व्हिपल या न्यूयॉर्कच्या सर्जनने १९३० च्या दशकात हे सांगितलं. स्वादुपिंडाचं मोठं ऑपरेशन ज्याच्या नावाने ओळखतात तोच हा. माणदेशींच्या काकांनी ओसरीवर ही त्रयी पूर्ण केली हो! लक्षणं समोर, ३८ आकडा, आणि साखर दिल्यावर माणूस जागेवर.

यात ग्यानबाची मेख वेळेची आहे. ही गाठ कधी इन्सुलिन सोडेल याचा नेम नसतो. झटका संपल्यावर, चहाबिस्किट खाऊन, दुपारी बारा वाजता लॅबमध्ये गेलात तर साखर ९५ येणार आणि तुम्ही ‘सगळं नॉर्मल’ म्हणून घरी जाणार.

तरीही साखर कमी दिसली की मी पहिला प्रश्न गाठीचा विचारत नाही. घरात कुणाला मधुमेह आहे का, हा विचारतो. आजोबांच्या ग्लिमेपिराइडची (साखर उतरवणारी गोळी) पट्टी आणि आजीच्या बीपीच्या गोळीची पट्टी एकाच डब्यात, आणि चष्मा सापडत नाही. इन्सुलिनोमाहून हे कितीतरी जास्त वेळा पाहिलंय.

एक सूचना: बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा, तिथे शिरेतून ग्लुकोज देतात.

माणदेशी_पोर

धन्यवाद डॉक्टरसाहेब. काकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाले, “पट्टीचे पंचवीस रुपये अजून यायचेत.”

पुढचं सांगतो. पुण्यात अंतःस्रावतज्ज्ञ बाईंनी आईला दाखल करून घेतलं, ७२ तासांच्या उपासासाठी. पाणी चालतं, चालणं-फिरणं चालतं, खायचं काही नाही. आईला हे समजावताना माझी पंचाईत. जिचे उपास आम्ही जबरदस्तीने बंद केले होते तिलाच सांगायचं, आता डॉक्टरांसाठी एक कर. आई म्हणाली, “तीन दिवस? निर्जळी नाही ना, मग काय एवढं.”

संध्याकाळी आठला शेवटचं जेवण. दर सहा तासांनी रक्त, साखर ६० च्या खाली आली की तासा-दोन तासांनी. नर्सताई अधूनमधून विचारायच्या, आज वार कोणता, वीसपासून उलटं मोजा. पहाटे पावणेपाचला आई नीट मोजत होती. पाच वाजून दहा मिनिटांनी सोळाशी अडली आणि म्हणाली, “आज बाजार आहे, पिशवी कुठंय.” ७२ पैकी ९ तासांत खेळ खलास.

त्या क्षणाचे आकडे मला पाठ आहेत: साखर ३६, इन्सुलिन ११.८, सी-पेप्टाइड २.४. कीटोन (उपासात चरबी जळून तयार होतात ते) जवळजवळ नाहीत. मग साखर चढवणाऱ्या ग्लुकागॉनचं इंजेक्शन, अर्ध्या तासात साखर ७१. मग शिरा. इथे शिरा म्हणजे खायचा शिरा, मी नेला होता.

नळीवाली

मी लॅबमध्ये २२ वर्षं आहे. हे आकडे वाचताना हात शिवशिवले.

साखर ५५ च्या खाली असताना निरोगी माणसाचं इन्सुलिन जवळपास बंद असायला हवं. तिथे ते ३ किंवा जास्त असेल तर गडबड. सी-पेप्टाइड कशाला, तर शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा त्याच्या जोडीने हा तुकडा सुटतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणजे इन्सुलिन जास्त आणि सी-पेप्टाइड कमी, तर कुणीतरी टोचलंय. दोन्ही जास्त, तर एकतर गाठ, नाहीतर मधुमेहाची गोळी. गोळी शोधायला त्याच रक्तावर वेगळी चाचणी करतात.

आता नमुन्याचं. साध्या नळीत रक्त तासन्‌तास पडून राहिलं तर रक्तपेशी साखर खातात, दर तासाला साधारण पाच ते सात टक्के. लांबच्या कलेक्शन सेंटरवरून दुपारी नमुना आला आणि साखर ५२ लागली, तर मी आधी नळीचं झाकण बघते. करड्या झाकणाची फ्लोराइडची नळी नसेल तर त्या आकड्यावर माझा विश्वास नाही. इन्सुलिनच्या नमुन्यात रक्तपेशी फुटल्या की इन्सुलिन खोटं कमी येतं. ‘थोडं लाल झालंय, चालवून घ्या’ असं आमच्याकडे चालत नाही. आणि ग्लुकोमीटर घरी उपयोगी, पण खालच्या आकड्यांना तो डळमळीत असतो. पक्कं निदान शिरेतल्या रक्तावरच.

पंचगंगेकाठी

नळीवालीताई, तुमच्या ‘दोन्ही जास्त’मध्ये आमच्या वडिलांची एक तिसरी भानगड आहे.

वडील ६६, मधुमेह नाही. पायाला मुंग्या येतात म्हणून व्हिटॅमिनची गोळी चालू होती. दीड महिन्यात रात्री साखर ४०-४५ व्हायला लागली. इन्सुलिन मोजलं तर १००० च्या वर! एका ठिकाणी सांगितलं, स्वादुपिंडात गाठ असणार, सापडत नसली तरी उघडून बघू. आम्ही रक्ताच्या बाटल्यांची जमवाजमव करत होतो. दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि विचारलं, “ती व्हिटॅमिनची गोळी दाखवा.” त्यात अल्फा लिपोइक अॅसिड होतं. इन्सुलिनविरुद्धच्या प्रतिपिंडांची चाचणी जोरात पॉझिटिव्ह. गोळी बंद, थोडं थोडं पाच-सहा वेळा खाणं, काही आठवडे स्टेरॉइड. तीन महिन्यांत साखर ताळ्यावर. पोट उघडावं लागलं नाही.

ग्रंथीपाल

हा प्रतिसाद सोन्याचा आहे. याला हिराता आजार म्हणतात, जपानमध्ये १९७० साली पहिल्यांदा वर्णन झालं. प्रतिपिंडं इन्सुलिनला धरून ठेवतात आणि अवेळी सोडतात. रक्तात मोजलं तर इन्सुलिन अफाट दिसतं. गाठीचं इन्सुलिन सहसा इतकं चढत नाही, माणदेशींच्या आईचं ११.८ होतं. शेकड्यांत-हजारांत आकडा आला की सर्जनच्या आधी प्रतिपिंडांची चाचणी. अल्फा लिपोइक अॅसिड आपल्याकडे मुंग्यांच्या, ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्यांत सर्रास असतं. शंभरात नव्व्याण्णव जणांना काही होत नाही, म्हणून घाबरून बंद करू नका. पण साखर घसरत असेल तर डॉक्टरला ‘व्हिटॅमिन’सकट सगळ्या गोळ्या सांगा.

आमच्याकडे शिकवतात तो क्रमही लिहून टाकतो: आधी रक्त, मग फोटो. रक्तात रोग सिद्ध झाल्याशिवाय स्कॅन केलं तर निरुपद्रवी गाठी सापडतात आणि लोक त्यांच्यामागे धावतात. उलट, रक्तात सिद्ध झालं असेल तर स्कॅन कोरं आलं तरी शोध सोडायचा नाही.

माणदेशी_पोर

अगदी असंच. आईचा पोटाचा सीटी कोरा आला होता. मी तर खचलो. बाई शांत. एंडोस्कोपीतून सोनोग्राफी केली, म्हणजे नळी जठरात नेऊन आतून स्वादुपिंड बघतात. तिथे सापडली. १३ मिलिमीटर. हरभऱ्याएवढी.

ऑपरेशनपर्यंत पाच आठवडे होते. डायझॉक्साइड हे इन्सुलिन रोखणारं औषध सुरू केलं. साखर सावरली, पण पाय सुजले आणि हनुवटीवर लव आली. त्या लवेचा आईला गाठीहून जास्त त्रास झाला. झोपताना कच्चा कॉर्नस्टार्च पाण्यात कालवून, कारण तो हळूहळू पचतो. शिवाय रात्री दोनचा गजर, केळं आणि दूध. वडील पाच आठवडे रोज दोनला उठले. ४० वर्षांच्या संसारात स्वयंपाकघरातला दिवा त्यांनी कधी लावला नव्हता.

दुर्बिणीतून ऑपरेशन, स्वादुपिंडाच्या मुख्य नळीपासून गाठ चार मिलिमीटरवर होती म्हणून नुसती गाठच सोलून काढता आली. भूलतज्ज्ञ दर पंधरा मिनिटांनी साखर मोजत होते. गाठ निघाल्यावर तासाभरात १४८, रात्री २१०. मी घाबरून विचारलं, आता मधुमेह झाला का? सर्जन म्हणाले, बाकीच्या पेशी दोन वर्षं झोपल्या होत्या, त्यांना उठू दे. चार दिवसांनी उठल्या. त्रास झाला तो वेगळाच, स्वादुपिंडाचा रस गळत राहिला आणि पोटातली नळी १९ दिवस ठेवावी लागली. ‘छोटं ऑपरेशन’ म्हणून सुट्टी दहाच दिवसांची टाकली होती मी.

रिपोर्ट: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड १, केआय-६७ एक टक्का. चौदा महिने झाले. एकही झटका नाही. फिटच्या गोळ्या हळूहळू बंद. वजन नऊ किलो उतरलं.

गवतीचहा

न्यूरोएंडोक्राइन म्हणजे इरफान खानला झालेला तोच का?

ग्रंथीपाल

आडनाव तेच, माणूस वेगळा. या पेशी मज्जातंतूंच्या पेशींसारख्या संदेश घेतात आणि ग्रंथींसारखे हार्मोन सोडतात, म्हणून जोडनाव. आतडं, जठर, स्वादुपिंड, फुप्फुस, सगळीकडे विखुरलेल्या असतात. इरफानने मार्च २०१८ मध्ये स्वतः जाहीर केलं आणि एप्रिल २०२० मध्ये तो गेला. स्टीव्ह जॉब्सचीही स्वादुपिंडातली याच घराण्यातली गाठ, २००३ मध्ये कळली, २०११ मध्ये तो गेला. एक घराणं, पण स्वभाव टोकाचे. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी विभाजनाच्या तयारीत आहेत. ३ च्या खाली ग्रेड १, २० पर्यंत ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. इन्सुलिनोमा दहापैकी नऊ वेळा एकुलता, लहान आणि न पसरणारा असतो. इतरांचं तसं नाही.

या गाठींना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखं पण तो नव्हे, हे नाव १९०७ मध्ये म्युनिकच्या ओबर्नडॉर्फरने दिलं. १९२९ मध्ये त्यानेच कबूल केलं की यातल्या काही पसरतात. आपलंच गाजलेलं वाक्य दुरुस्त करणारे थोडे. तो ज्यू होता. १९३३ मध्ये नाझींमुळे जर्मनी सोडून इस्तंबूलला गेला आणि तिथेच वारला.

बर्फातला_भटका

टोरांटोहून. इथल्या विद्यापीठात बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन शोधलं, हे सगळ्यांना माहीत असतं. इन्सुलिनची गाठ काढून रुग्ण बरा करण्याचं पहिलं ऑपरेशनही याच शहरात झालं, १९२९ मध्ये, सर्जन रॉस्को ग्रॅहॅम. इन्सुलिन कमी पडणं आणि अती होणं, दोन्हींवर उतारा एकाच गावात, आठ वर्षांच्या अंतराने.

त्याच्या आधी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एक रुग्ण आला होता, तो स्वतःच सर्जन. पोट उघडलं तर गाठ यकृतात पसरलेली. पुढे तो गेल्यावर त्या यकृतातल्या गाठीचा अर्क काढून सशांना टोचला आणि सशांची साखर घसरली. गाठ इन्सुलिन बनवते याचा तो पुरावा, १९२७ चा.

अवांतर: इथे आता अंधार पाचलाच पडतो, चंद्रोदयाची वाट बघायला लागत नाही.

चिंचगुळाची_आमटी

‘झटका चालू असताना मोजा’ हे आमच्या घरीही खरं ठरलं, फक्त साखरेऐवजी बीपी.

नवरा ३६ वर्षांचा. बुटाची नाडी बांधायला वाकला की डोकं ठणकायचं, घामाने शर्ट चिंब, छातीत धडधड, चेहरा पांढराफटक. पंधरा मिनिटांत सगळं शांत. दवाखान्यात बीपी १३०/८०. ‘आयटीत आहे ना, टेन्शन घेऊ नका’. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं आणि त्याच रात्री बीपी २३०/१३०! अँब्युलन्समधून नेलं. तिथल्या रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, डोकेदुखी, घाम आणि धडधड तिन्ही एकदम येतात का? मी हो म्हटलं आणि तिने फोन फिरवला. मेटानेफ्रिन, म्हणजे अॅड्रिनलिनचा उरलेला भाग, कितीतरी पट, मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींपैकी उजव्या अॅड्रिनलवर साडेचार सेंटीमीटरची गाठ. फिओक्रोमोसायटोमा. हा शब्द आता मला साखरझोपेतही म्हणता येतो.

आधी रक्तवाहिन्या सैल करणारं प्राझोसिन सुरू केलं, पहिला डोस पलंगावर बसूनच, कारण उठला की चक्कर. आणि मिठाची गंमत! जन्मभर सगळ्यांना मीठ कमी करा सांगणारे डॉक्टर म्हणाले, मीठ आणि पाणी भरपूर. बीपीचा पेशंट आणि पानात लोणचं, पापड, खारवलेली मिरची. सासूबाईंना वाटलं मीच काहीतरी चुकीचं ऐकून आले. दोन आठवड्यांनी ऑपरेशन. आता बीपीची एकही गोळी नाही.

ग्रंथीपाल

मीठ कशाला ते सांगतो. त्या गाठीच्या अॅड्रिनलिनने रक्तवाहिन्या महिनोन्‌महिने आवळलेल्या असतात, आतलं पाणी आटलेलं असतं. गाठ काढली की वाहिन्या एकदम सैल पडतात आणि भरायला रक्तच कमी. म्हणून आधी वाहिन्या सैल करायच्या, टाकी भरून घ्यायची, मग सुरी. प्रोप्रॅनोलॉल आधी दिलं तर वाहिन्या सैल करणारा रस्ताच बंद होतो आणि आवळणारा मोकाट. त्या रात्री तेच झालं.

या आजाराची एक गोष्ट मला फार आवडते. १८८६ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गला मिन्ना रोल नावाची १८ वर्षांची मुलगी अशाच झटक्यांनी गेली. फ्रँकेल या डॉक्टरने शवविच्छेदनात दोन्ही बाजूंना गाठी पाहिल्या आणि लिहून ठेवलं. २००७ मध्ये संशोधकांनी तिच्या नातेवाइकांच्या वंशजांपर्यंत पोहोचून जीन तपासलं, तर ‘रेट’ नावाच्या जीनमधला दोष घराण्यात मिळाला. १२१ वर्षांनी निदान पूर्ण. म्हणून आता प्रत्येक फिओमध्ये जीन तपासायला सांगतो. सुमारे तिघांत एकाला आनुवंशिक दोष निघतो.

चिंचगुळाची_आमटी

हो, केली. याची निगेटिव्ह आली. निकालाच्या आधीचे सहा आठवडे मुलाने नुसतं ‘डोकं दुखतंय’ म्हटलं तरी माझ्या पोटात गोळा.

नळीवाली

अशा गाठींचे हार्मोन मोजायला २४ तासांची लघवी मागतात, तो विषय निघणारच, म्हणून आधीच हात जोडते. कॅन आमच्याकडून न्या, त्यात आम्ही आम्ल घातलेलं असतं, ते ‘घाण पाणी’ म्हणून धुऊन टाकू नका! (होय, झालंय.) सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, तिथून पुढच्या दिवशीच्या पहिलीपर्यंत सगळी भरायची.

आतड्याच्या गाठीसाठी ५-एचआयएए करतात, म्हणजे सेरोटोनिनचा उरलेला भाग. त्याच्या आधी तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो, वांगं बंद. एक काका शनिवारी उपासाची सहा केळी खाऊन आले होते, रिपोर्ट बघून घरात रडारड. क्रोमोग्रॅनिन-ए (या गाठींची रक्तातली खूण) हे आणखी फसवं. पित्ताची पँटोप्राझोल रोज घेत असाल तर ते खोटंच चढतं. आणि केसांच्या गोळ्यांतलं बायोटिन बऱ्याच मशीनवर थायरॉइडचे आकडे बिघडवतं. टीएसएच कमी, टी-४ जास्त, आणि बाई ठणठणीत. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद करा आणि लॅबला सांगा.

ऐरोलीकर

माझी आतड्याची गाठ, यकृतात पसरलेली, म्हणून या धाग्यात जरा वेगळा आवाज. चेहरा अचानक लाल व्हायचा आणि दिवसाला दहा वेळा जुलाब. ऑफिसात लोकांना वाटायचं दुपारी घेऊन येतो. महिन्याला ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन घेतो, सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनची टिकाऊ नक्कल. त्याने जुलाब आटोक्यात आले.

नंतर ल्युटेशियम घेतलं. कल्पना अशी: या पेशींवर सोमॅटोस्टॅटिनची कुलपं असतात, त्याच किल्लीला किरणोत्सर्गी ल्युटेशियम-१७७ बांधून पाठवायचं. २०१७ मध्ये नेटर-१ नावाचा अभ्यास आला, वीस महिन्यांनी आजार न वाढलेले ६५ टक्के, नुसत्या इंजेक्शनवाल्या गटात ११ च्या आसपास. आठ-आठ आठवड्यांनी चार डोस. मूत्रपिंडं वाचवायला आधी अमिनो अॅसिडची सलाईन लावतात, ओकारी येते ती तिनेच, ल्युटेशियमने नव्हे. मग वेगळी खोली, संडासात दोनदा फ्लश. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होतं. गच्चीवरून खाडीपलीकडे ट्रॉम्बेचे डोंगर दिसतात, तिथेच ते केंद्र, त्यांच्याकडे आता मी वेगळ्या नजरेने बघतो.

बरा झालो नाही. यकृतातल्या गाठी तीन वर्षं तितक्याच आहेत. गणपतीत ढोल वाजवला यंदा, पंधरा मिनिटंच.

गवतीचहा

ऐरोलीकर, पंधरा मिनिटं म्हणजे पुष्कळ झाली. _/\_

खडूस_काका

वाचनखूण साठवली. सकाळचा माझा प्रतिसाद जरा घाईचा होता. माझ्या बहिणीच्या पायातल्या चपलेचा नंबर चाळिशीनंतर सहाचा आठ झाला आणि लग्नातली अंगठी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. हसण्यावारी नेलं आम्ही. दाताच्या डॉक्टरने दातांतल्या फटी बघून विचारलं, जुना फोटो आहे का? अॅक्रोमेगली, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत वाढीचं हार्मोन जास्त सोडणारी गाठ. तोवर आठ वर्षं झाली होती. नाकातून ऑपरेशन झालं. हात पूर्ववत होत नाहीत, पण घोरणं आणि घाम थांबला.

ग्रंथीपाल

काका, जुना फोटो हे या रोगातलं सर्वात स्वस्त यंत्र. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही. आयर्लंडचा चार्ल्स बर्न, १७८३ मध्ये वारलेला राक्षसी उंचीचा माणूस, त्याचा सांगाडा लंडनच्या संग्रहालयात होता. १९०९ मध्ये हार्वी कुशिंग या अमेरिकन मेंदूच्या सर्जनने कवटी उघडून पिट्युटरीची खोबण वाढलेली दाखवली. २०११ मध्ये त्याच्या दातांतल्या डीएनएमध्ये एआयपी जीनचा दोष सापडला. मला सागरात पुरा, अशी त्याची इच्छा होती म्हणतात. २०२३ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हा सांगाडा प्रदर्शनातून काढलेला होता.

माणदेशी, एक राहिलं. आईचं कॅल्शियम बघितलंय का? आणि तुमच्या आजोळी कुणाला वारंवार मूतखडे?

माणदेशी_पोर

मामाला. दोनदा फोडलेत. का हो?

ग्रंथीपाल

एमईएन-१ नावाचा आनुवंशिक प्रकार असतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी, स्वादुपिंड आणि पिट्युटरी अशा तीन ठिकाणी गाठी. पॅराथायरॉइडमुळे कॅल्शियम चढतं आणि खडे होतात. अपत्याला जाण्याची शक्यता निम्मी. आईच्या वयाला आणि एकच गाठ असताना हे असेलच असं नाही, बहुतेक नसेलच. मूतखडे माणदेशात पोटात पाणी कमी जाऊनही होतात. पण कॅल्शियम ही स्वस्त तपासणी आहे, फाईलमध्ये असेलच.

माणदेशी_पोर

फाईल काढली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं कॅल्शियम १०.८. शेजारी ८.५ ते १०.२ लिहिलंय आणि वरचा बाण. मी तेव्हा फक्त साखर बघत होतो.

नळीवाली

एका आकड्यावर जाऊ नका. दंडाला पट्टा फार वेळ आवळून रक्त घेतलं तरी कॅल्शियम थोडं चढतं. पुन्हा करा, सोबत अल्ब्युमिन, पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) आणि डी व्हिटॅमिन.

माणदेशी_पोर

गुरुवारी आई आणि मामा दोघांनाही घेऊन बाईंकडे जातोय. आत्ता फोनवर आईला सांगितलं. तिचा एकच प्रश्न: या तपासणीला उपाशी यायचं का?

ग्रंथीपाल

गरज नाही. जेवून येऊ द्या.